कोकणातल्या घरात परवडणारा म्युझिक सर्व्हर कसा उभारावा?

खाडीकाठ | ९ मार्च, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

घर गुहागर तालुक्यात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. जांभ्याच्या भिंती, वर कौलं. बाबांचं वय चौऱ्याहत्तर. त्यांनी आयुष्यभर एकच शौक केला, गाणं ऐकण्याचा. माजघरातल्या फडताळात ३८० सीडी आणि दोनशेच्या आसपास कॅसेट आहेत. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, आणि आमच्या पंचक्रोशीतल्या जाखडी या लोकनाचाच्या बाऱ्या, म्हणजे खेळ, लोकांनी स्वतः रात्र रात्र बसून टेपवर धरलेल्या.

गेल्या पावसात सीडी प्लेअरने मान टाकली. दोन ठिकाणी दाखवला, लेन्स मिळत नाही म्हणाले. आता बाबा मोबाईलच्या स्पीकरवर ऐकतात आणि तानपुरा ऐकू येत नाही म्हणून दोन मिनिटांत बंद करतात. ते बघवत नाही.

डोक्यात आहे ते असं: हे सगळं एका छोट्या कॉम्प्युटरवर घ्यायचं, तो माजघरात कायम चालू ठेवायचा आणि बऱ्या स्पीकरवर ऐकायचं. स्पीकर धरून पंचवीस हजारांच्या आत बसायला हवं. कॉम्प्युटर कोणता घेऊ? आवाज चांगला की वाईट हे नक्की कशावर ठरतं? आमची खारी हवा आणि आमची लाईट यांत हे टिकेल का? आणि बाबांना ॲप वगैरे जमायचं नाही, तर त्यांनी गाणं लावायचं कसं?

चाकरमानी | ९ मार्च, रात्री १०.४०

एवढा खटाटोप कशाला? महिन्याचं स्ट्रीमिंग घ्या, ब्लूटूथ स्पीकर आणा. झालं काम.

खाडीकाठ | ९ मार्च, रात्री ११.०५

चाकरमानी, शहरात असतो तर तेच केलं असतं. आमच्याकडे रेंज अंगणात माडाखाली येते, माजघरात येत नाही. आणि जाखडीच्या बाऱ्या कुठल्याही ॲपवर नाहीत. त्या फक्त आमच्या फडताळात आहेत.

जांभाचिरा | १० मार्च, सकाळी ७.३०

विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी राजापूरजवळ राहतो, घर तुमच्यासारखंच.

आधी मनातली एक गाठ सोडवा. या सगळ्यात कॉम्प्युटरचं काम हमालाचं आहे. डिस्कवरचे आकडे उचलायचे आणि जसेच्या तसे पुढे द्यायचे. महागडा हमाल तेच आकडे देतो, स्वस्तातला पण तेच देतो. आवाज घडतो तो पुढे: आकड्यांचा विद्युतप्रवाह करणारा डॅक, मग ॲम्प्लिफायर, मग स्पीकर, आणि शेवटी तुमची खोली. पंचवीस हजारांतले निम्मे पैसे स्पीकर-ॲम्प्लिफायरसाठी बाजूला ठेवा आणि मगच बाकीचा हिशोब मांडा.

हमाल म्हणून रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर भरपूर झाला. मात्र त्याच्या ३.५ मिमीच्या जॅकमधून आवाज घेऊ नका. तो जॅक म्हणजे निव्वळ सोय आहे, मागे खरखर राहते. (पाय ५ ला तर तो जॅक ठेवलेलाच नाही.) पायच्या डोक्यावर बसणारा छोटा डॅक बोर्ड मिळतो. माझ्याकडच्या बोर्डावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची पीसीएम ५१०२ चिप आहे. बोर्ड स्वस्त, आवाज अगदी स्वच्छ. नाहीतर साधा यूएसबी डॅक घ्या.

आता जागा. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, दोन चॅनल. गुणाकार केला की सेकंदाला १,४११ किलोबिट होतात. तासाभराची सीडी म्हणजे साधारण ६३५ एमबी. ती फ्लॅक या फाईल प्रकारात घेतली की जवळपास निम्मी होते आणि एक बिटही हरवत नाही, उघडली की मूळ आकडे तसेच्या तसे परत मिळतात. सीडीला सरासरी ३५० एमबी धरा. तुमच्या ३८० सीडी १३५ जीबीच्या आत मावतात. कॅसेट धरूनही ५०० जीबीची एसएसडी पुरून उरेल. फिरती हार्डडिस्क नको, शांत खोलीत विलंबित चालू असताना तिची किरकिर ऐकू येते.

वीज: पाय आणि डॅक मिळून पाचेक वॅट. चोवीस तास चालू ठेवलं तरी महिन्याला साडेतीन-पावणेचार युनिट. जुना डेस्कटॉप साठ वॅट खात असेल तर त्रेचाळीस युनिट होतील. कायम चालू ठेवायचं म्हणता, तर हा फरक बिलात दिसतो.

आणि एसएसडी थेट पायलाच जोडा. जांभ्याच्या जाड भिंतीतून वायफाय पलीकडे पोचता पोचता अर्धमेलं होतं. गाणी जिथे वाजतात तिथेच साठवलेली असली की नेटवर्कची गरज फक्त फाईली भरताना लागते.

पेशवेपार्क | १० मार्च, सकाळी ९.१८

जांभाचिरा यांच्याशी असहमत. १६ बिट, ४४.१ हा चाळीस वर्षांपूर्वीचा मापदंड. सीडी १९८२ ला बाजारात आली. आज २४ बिट, १९२ किलोहर्ट्झच्या फाईली मिळतात. सर्व्हर उभारतोच आहात तर हायरेझ ऐकाल असाच उभारा. केबलवरही खर्च करा, फरक पडतो. मी स्वतः ऐकलाय.

जांभाचिरा | १० मार्च, सकाळी ९.५५

पेशवेपार्क, तुमच्या कानांवर शंका घेत नाही. पण ४४.१ किलोहर्ट्झने २२ किलोहर्ट्झपर्यंतचा स्वर पूर्ण धरता येतो, आणि माणसाला ऐकू येतं फार तर २० पर्यंत, तेही लहानपणी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी वरचा बराचसा भाग गेलेला असतो. फूबार२००० या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एबीएक्स चाचणीची सोय जोडता येते. कुठली फाईल वाजतेय हे झाकून सोळा वेळा ओळखायचं. मी माझ्याच आवडत्या ध्वनिमुद्रणावर केली. ३२० किलोबिटचं एमपी३ आणि फ्लॅक यांत सोळापैकी नऊ बरोबर आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. तरीही मी फ्लॅकच ठेवतो, कारण उद्या कुठल्याही दुसऱ्या प्रकारात बदलायचं तर मूळ प्रत हाताशी हवी.

पेशवेपार्क | १० मार्च, दुपारी १.०२

झाकून चाचणी केलेली नाही. करून बघतो आणि इथेच लिहितो.

वायरमन_देवबाग | १० मार्च, संध्याकाळी ६.४५

माका आवाजातला काय कळणा नाय, पण वायरी कळतत. तीस वर्सां ह्याच काम करतंय. आधी अर्थिंग तपासा. आपल्याकडे सगळो कातळ. मे महिन्यात जमीन सुकली की अर्थिंग नावापुरता ऱ्हवता. खड्ड्यात कोळसो-मीठ घातलेला आसता, पण पाणी कोण घालता? उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा दोन कळशे वता. स्पीकरातली अर्धी भुणभुण थयच मरता.

दुसरा, इन्व्हर्टर. स्क्वेअर वेव्हचो आसलो तर लाईट गेल्यार ॲम्प्लिफायर गुणगुणतलोच. साईन वेव्हचो घेवा.

तिसरा, इजा चमकूक लागल्यो की प्लग काढून ठेवा. नुसतो स्विच बंद करून भागणा नाय.

नारळीपोफळी | १० मार्च, रात्री ८.२०

भुणभुणीवर माझा उपाय: लॅपटॉपच्या चार्जरची अर्थची जाड पिन काढून टाकली, आवाज एकदम साफ.

वायरमन_देवबाग | १० मार्च, रात्री ८.३१

नको रे बाबा! ती पिन तुजो जीव वाचवक आसा. ओल्या हातान ॲम्प्लिफायरच्या डब्याक हात लावलंस आणि आत खंय वायर टेकलेली आसली तर करंट तुज्यातसून जातलो. आज रात्रीच नवी पिन बसव.

जांभाचिरा | १० मार्च, रात्री ८.५०

वायरमनदादांना शंभर टक्के अनुमोदन. नारळीपोफळी, तुमची भुणभुण ५० हर्ट्झची आहे. लॅपटॉप एका प्लगवर आणि ॲम्प्लिफायर दुसऱ्या प्लगवर असला की दोघांच्या अर्थमध्ये वेढा तयार होतो, त्यातून ती येते. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. तरी राहिली तर मधे ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. आत नुसते छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, पाच मिनिटांचं काम आहे.

नारळीपोफळी | ११ मार्च, सकाळी ७.०५

पिन बसवली. दोन्ही एका बोर्डवर लावलं, भुणभुण गेली. आभार दादा.

सुपारीबाग | ११ मार्च, दुपारी ३.३३

मी श्रीवर्धनची. हवेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरूनच आत शिरलं. दुपारपर्यंत अर्धी कौलं गेली होती. संगणक ज्या कोपऱ्यात होता तिथे छप्परच नव्हतं. लाईट यायला पुढे कित्येक आठवडे लागले. आजोबांच्या कीर्तनाच्या टेप मी दोन वर्षं खपून संगणकावर घेतल्या होत्या. त्या आज आहेत त्या एकाच कारणाने: एक प्रत बहिणीकडे ठाण्याला होती. खाडीकाठ, दुसरी डिस्क घ्याल ती तुमच्या घरात ठेवू नका. त्याच कपाटात ठेवलेली दुसरी प्रत ही प्रतच नव्हे.

सीडी घ्यायला उशीर करू नका. एकेक सीडी खिडकीतल्या उजेडासमोर धरून बघा. माझ्या काही सीडींना सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं दिसत होती, त्यातून आभाळ दिसायचं. आतला ॲल्युमिनियमचा थर खाऱ्या हवेने खाल्लेला. तशा सीडी सगळ्यांत आधी घ्या.

आणि मुंग्या! यंत्राची ऊब त्यांना आवडते. माझ्या जुन्या राउटरमध्ये अंडी घातली होती. डब्याच्या भोकांना बारीक जाळी लावा, पालही शिरत नाही. यंत्र मात्र चालूच ठेवा. चालू यंत्र कोमट राहतं, त्यात ओल धरत नाही. आमच्याकडे बंद कपाटात ठेवलेल्या वस्तू आधी बिघडतात.

खाडीकाठ | ११ मार्च, रात्री ९.४०

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच फडताळ उघडलं. अकरा सीडींना भोकं आहेत. त्यातल्या दोन बाबांच्या अगदी लाडक्या. उद्यापासून सुरू करतो.

फीतवाला | १२ मार्च, सकाळी १०.१५

सीडी घ्यायला एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी वापरा, फुकट आहे. सिक्युअर मोडमध्ये ते शंका आलेला भाग पुन्हा पुन्हा वाचून ताडून बघतं. शेवटी ॲक्युरेटरिपवर जगभरातल्या लोकांनी घेतलेल्या त्याच सीडीशी तुमचे आकडे जुळतात का तेही सांगतं. जुळले की निर्धास्त व्हा. जुन्या सीडी कधी कधी एका ड्राइव्हला वाचता येत नाहीत आणि दुसऱ्याला येतात, म्हणून दोन वेगवेगळे ड्राइव्ह जमले तर मिळवा.

आता कॅसेट. इथे मात्र २४ बिटवर पेशवेपार्क यांचं बरोबर आहे. ऐकण्यासाठी नव्हे, ध्वनिमुद्रण करताना. जाखडीत नाच रंगात आला, ढोलकी चढली की आवाज कुठे उसळेल सांगता येत नाही. २४ बिटवर घेतलं की पातळी खाली ठेवून भरपूर मोकळी जागा सोडता येते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला मिनिटाला सतरा एमबी होतात, म्हणजे सी-६० ची, साठ मिनिटांची, कॅसेट साधारण एक जीबी. नंतर फ्लॅक करा.

मी पहिल्या तीस कॅसेट लॅपटॉपच्या माईकच्या भोकातून घेतल्या होत्या. सगळ्या फुकट गेल्या. ते भोक एकाच चॅनलचं असतं आणि डेकचा जोरदार सिग्नल त्यात फाटतो. लाईन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या.

डेक लावण्याआधी हेड (फीत वाचणारा भाग) आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाच्या बोळ्यावर तपकिरी डाग यायचे थांबेपर्यंत पुसत राहा. फितीवर पांढरी बुरशी असेल तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, बुरशी हेडला लागते आणि पुढच्या दहा कॅसेटना वाटली जाते. आणि हेडचा कोन. डेकच्या हेडपाशी एक बारीक स्क्रू असतो. प्रत्येक कॅसेट वेगळ्या यंत्रावर भरलेली, म्हणून कोन थोडा वेगळा. दोन्ही चॅनल एकत्र करून ऐका आणि स्क्रू केसभर फिरवा. एका जागी झांज एकदम उघडते, घुमट आवाजावरचं पांघरूण कुणी ओढून काढल्यासारखी. तिथे थांबा. हा एक स्क्रू दहा हजारांच्या केबलपेक्षा जास्त देतो.

मोगरा_आणि_मारवा | १२ मार्च, दुपारी १२.५०

वा! वाचनखूण साठवली.

टॅगबद्दल, म्हणजे फाईलीत लिहून ठेवायच्या नाव-गायक वगैरे माहितीबद्दल सांगते, कारण माझे सहा महिने त्यात गेले. आपल्या संगीताला गाणं-गायक-अल्बम हा साचा पुरत नाही. बाबा अल्बमच्या नावाने शोधणार नाहीत, 'भीमसेनजींचा पूरिया' म्हणून शोधतील. म्हणून शीर्षकात राग, मग ताल, मग बंदिशीचे पहिले शब्द, असा क्रम एकदाच ठरवा आणि मोडू नका. माझ्याकडे किशोरीताई तीन प्रकारच्या स्पेलिंगने तीन गायिका झाल्या होत्या. फ्लॅकचे टॅग युनिकोडमध्येच असतात, तेव्हा सरळ देवनागरीत लिहा. माझ्या जुन्या एमपी३ फाईलींवर प्रश्नचिन्हांची रांग दिसायची, ती कटकट इथे नाही.

आणि विलंबित नि द्रुत असे दोन ट्रॅक असतात त्याचं बघा. एमपी३ मध्ये फाईलीच्या पुढे-मागे थोडी शांतता भरली जाते, त्यामुळे विलंबित संपून द्रुत उचलताना तानपुरा क्षणभर तुटतो. तो झटका मला सहन होत नाही. फ्लॅकमध्ये नमुना न् नमुना मोजलेला, जोड कळतही नाही. वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गॅपलेस (मधे खंड न पाडण्याची सोय) चालू आहे ना, तेवढं पाहा.

चाकरमानी | १२ मार्च, दुपारी २.१५

मघाशी खटाटोप म्हणालो ते शब्द मागे घेतो. आमच्या गावी माळ्यावर वडिलांचा टेपरेकॉर्डर आणि एक पेटी भरून कॅसेट आहेत. गणपतीत गेलो की उघडतो.

फीतवाला | १२ मार्च, दुपारी २.४०

गणपतीपर्यंत थांबू नका, मधे अख्खा पावसाळा आहे. मे महिन्यात आंब्याला जालच ना, तेव्हा पेटी खाली उतरवा.

पोखरबाव | १३ मार्च, सकाळी ८.००

स्पीकरबद्दल कुणी फार बोललं नाही. सेकंडहँड घेताय तर पुढची जाळी काढून स्पीकरच्या पडद्याच्या (कोनच्या) कडेचं वेटोळं बोटाने हलकेच दाबा. ते फोमचं असेल तर घेऊ नका. मी देवगडला एक नावाजलेली जोडी स्वस्तात मिळाली म्हणून उचलली. घरी आणून बोट लावलं तर कडा ओल्या राखेसारखी बोटाला चिकटून आली. आपल्या दमट हवेत फोम झिजतो, रबर वर्षानुवर्षं टिकतं. रबरी कडेचेच घ्या.

ठेवताना भिंतीला चिकटवू नका, हातभर पुढे घ्या. मागे भिंत आली की तबल्याचा डग्गा फुगतो आणि शब्द बुडतात. बाकी कौलारू घर आवाजाला फार चांगलं. छप्पर उतरतं, कौलं उंचसखल, जमिनीला समांतर असं वर काहीच नाही. स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवा आणि माजघरात वाजवा, कळेल.

सुपारीबाग | १३ मार्च, सकाळी ११.२५

खरं आहे. वादळानंतर आम्ही कौलांच्या जागी पत्रा घातला. आता आषाढात सर आली की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, गाणं कुठलं! तेवढ्यासाठी हेडफोन ठेवलाय.

पेशवेपार्क | १५ मार्च, रात्री १०.०८

सांगितल्याप्रमाणे चाचणी केली, दोन रात्री. २४ बिट/१९२ आणि त्याच फाईलीपासून केलेली १६ बिट/४४.१. सोळापैकी सात. दुसऱ्या रात्री आठ. केबल बदलून झाकून करणं एकट्याने जमत नाही, मुलगा आला की करेन. खाडीकाठ, माझा सल्ला बदलतो: पैसे स्पीकरवर घाला.

जांभाचिरा | १५ मार्च, रात्री १०.३०

पेशवेपार्क, मनापासून दाद. असं करून इथे येऊन लिहिणारे थोडे.

खाडीकाठ | १७ ऑगस्ट, रात्री ९.१५

धागा वर काढतोय. पाच महिने झाले, तुमच्या प्रत्येकाचं काही ना काही घरात वाजतंय, तेव्हा हिशोब द्यायलाच हवा.

रास्पबेरी पाय ४ एका मुलाकडून जुना घेतला, ३,८००. डॅक बोर्ड, डबा, पॉवर सप्लाय मिळून २,४००. एसएसडी ३,६००. दुसरी बाहेरची डिस्क ४,२००, ती भावाकडे पुण्याला गेली. रबरी कडेची स्पीकरची जोडी चिपळूणला साडेसहा हजारांत मिळाली. ॲम्प्लिफायर छोटासा, १२ व्होल्टवर चालणारा, १,९००. एकूण २२,४००. कॅसेटसाठीचं साउंड कार्ड वेगळं.

पहिली चूक जूनमध्ये कळली. लाईट दिवसातून सहा-सात वेळा जायची. चौथ्या दिवशी पाय सुरूच होईना, त्याची सिस्टीम ज्यावर असते ते मेमरी कार्ड लिहिता लिहिता बंद पडल्याने बिघडलं. पुन्हा सगळं घातलं आणि या वेळी रास्पबेरीच्या सेटिंगमधली ओव्हरले फाईल सिस्टीम चालू केली, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही. वाजवायला एमपीडी हा प्रोग्रॅम आहे, त्याची यादी आणि 'कुठे थांबलो होतो' ही नोंद मात्र एसएसडीवर ठेवली. आता लाईट कितीही वेळा जाऊ दे, परत आली की गाणं होतं तिथून पुढे सुरू होतं.

दुसरी, वायरमनदादांनी सांगूनही माझ्या ध्यानात राहिली नव्हती. आमचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा निघाला. लाईट गेली की स्पीकरातून भुंगा. नवा इन्व्हर्टर बजेटात नव्हता. मग ॲम्प्लिफायरला सरळ १२ व्होल्टची बॅटरी जोडली, धन टोकाला फ्यूज घालून. त्याच बॅटरीवरून १२ चे ५ व्होल्ट करणारा बोर्ड लावून पाय चालवला. चार्जर बॅटरीला कायम जोडलेला. आता मधे इन्व्हर्टर येतच नाही. लाईट गेल्याचं गाण्याला कळत नाही.

आणि बाबांचा प्रश्न. सतरा किल्ल्यांचा यूएसबी नंबरपॅड आणला, हिशोबवाले वापरतात तो, साडेतीनशे रुपयांचा. पायवर चालणाऱ्या लिनक्समध्ये ट्रिगरहॅपी म्हणून प्रोग्रॅम आहे, कुठली किल्ली दाबली की कुठला आदेश चालवायचा ते त्यात लिहून ठेवता येतं. १ म्हणजे सकाळचे राग, २ संध्याकाळचे, ३ अभंग, ४ नाट्यसंगीत. अधिक-उणे आवाजाला, एंटर थांबवायला. बाबांनी स्वतः चिकटपट्टीच्या तुकड्यांवर निळ्या बॉलपेनने नावं लिहून किल्ल्यांवर लावलीत. पहिल्या दिवशी ४ दाबून खुर्ची स्पीकरांच्या बरोबर मधे ओढून घेतली आणि दुपारचं जेवण तिथेच मागवलं. तानपुरा चारही तारांनिशी ऐकू येतो म्हणाले.

सीडी आणि कॅसेट यांच्या आवाजाची पातळी फार वेगळी होती. त्यावर रिप्लेगेन चालवलं. ते फाईलीतले आकडे बदलत नाही, फक्त टॅगमध्ये किती कमी-जास्त करायचं ते लिहून ठेवतं. आता बाबांना सारखं उठावं लागत नाही.

भोकं पडलेल्या अकरांपैकी नऊ सीडी पूर्ण वाचल्या. दोन गेल्या. त्यांतली एक लाडकी होती.

९ ची किल्ली अजून कोरी आहे. ती जाखडीसाठी राखलीय. दोनशेपैकी एक्केचाळीस कॅसेट झाल्या आणि आमच्या डेकचा पट्टा तुटला.

मोगरा_आणि_मारवा | १७ ऑगस्ट, रात्री ९.४२

निळ्या बॉलपेनच्या किल्ल्यांचा फोटो टाका ना, बाबांची हरकत नसेल तर.

वायरमन_देवबाग | १७ ऑगस्ट, रात्री १०.०१

बॅटरीचा काम मस्त केलंस. फ्यूज बॅटरीच्या अगदी टोकाजवळ आसा मा? दूर आसलो तर मधली वायर उघडी ऱ्हवता. आणि बॅटरीत पाणी घालूची आसली तर ती माजघरात ठेव नको, पडवीत काढ, वायू सुटता तेतूरसून.

खाडीकाठ | १७ ऑगस्ट, रात्री १०.२०

फ्यूज टोकापासून चार बोटांवर आहे दादा. बॅटरी बंद प्रकारची आहे, तरी उद्या पडवीत हलवतो.

फीतवाला | १८ ऑगस्ट, सकाळी ७.१०

खाडीकाठ, पट्टा बाजारात शोधत बसू नका. माझ्याकडे दोन डेक आहेत, एक चालू स्थितीत पडून आहे. मी संगमेश्वरला असतो. पट्टे आणि अल्कोहोल घेऊन येतो, एक दिवस बसू. बुरशीच्या कॅसेट वेगळ्या काढून ठेवा, त्यांच्यासाठी जुनं यंत्र आणतो.

खाडीकाठ | १८ ऑगस्ट, सकाळी ७.२५

कधीही या. येत्या रविवारी जमेल? निघालात की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गुहागर स्टँडवर न्यायला येतो. पाऊस आहे, डेक दोन प्लास्टिकमध्ये गुंडाळा. बाबांना आत्ताच सांगितलं, ते कॅसेट काढून तारखेप्रमाणे लावत बसलेत.